स्त्रिया, शांतता व सुरक्षा : वाशिम जिल्हा

सार्वजनिक शांतता राखणे, तंट्यांचा निवाडा करणे, संघर्षानंतर समाजाची घडी पुन्हा बसविणे आणि सुरक्षेची शासकीय यंत्रणा चालविणे, या कार्यांत स्त्रियांना निर्णयाचा अधिकार असावा, या तत्त्वावर आधारलेले धोरण. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ३१ ऑक्टोबर २००० रोजी एकमताने संमत केलेल्या ठराव क्र. १३२५ मुळे या धोरणास आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. भारताने या ठरावाचा पुरस्कार केला. तथापि देशात त्याच्या अंमलबजावणीसाठी स्वतंत्र राष्ट्रीय कृतियोजना तयार झालेली नाही. त्यामुळे या धोरणाचे देशांतर्गत रूप पाहावयाचे, तर ते वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या हेतूंनी आलेल्या कायद्यांत आणि मोहिमांत शोधावे लागते. आणि हा शोध राजधानीपेक्षा जिल्ह्याच्या पातळीवर अधिक फलदायी ठरतो. वाशिम जिल्ह्याला आंतरराष्ट्रीय सीमा नाही, तेथे सशस्त्र बंडाळीही नाही. अशा ठिकाणी शांतता म्हणजे काय आणि ती कोणी मोजावयाची, हा प्रश्न उलट अधिक स्पष्टपणे पुढे येतो.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. त्यात वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे सहा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० असून तीत स्त्रिया ५,७६,८५८ होत्या. म्हणजे दर हजार पुरुषांमागे ९३० स्त्रिया. सु. ८२ टक्के लोकवस्ती ग्रामीण आहे. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. ब्रिटिश अमदानीत 'बासीम' नावाचा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ च्या पुनर्रचनेत तो मोडून त्याचा बराचसा भाग अकोल्यास आणि पुसद तालुका यवतमाळास जोडण्यात आला.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : या भूभागाच्या लष्करी इतिहासात स्त्रियांचा उल्लेख येतो, तो संरक्षणीय व्यक्ती म्हणून. १६७० च्या अखेरीस छत्रपती शिवाजी महाराजांच्या सैन्याने कारंजा ही वऱ्हाडातील संपन्न व्यापारपेठ लुटली. खंडणीसाठी गावातील धनिकांना धरून नेण्यात आले; त्यांपैकी सर्वांत प्रतिष्ठित गृहस्थ मात्र स्त्रीवेश धारण करून निसटला, अशी माहिती इतिहासकार यदुनाथ सरकार यांनी दिली आहे. स्वारीत स्त्रियांना उपद्रव देऊ नये, हा शिवाजी महाराजांचा दंडक होता आणि एरवी त्यांच्याविषयी प्रतिकूल लिहिणाऱ्या खाफीखानानेही तो नमूद केला आहे. कारंज्याच्या धनिकाने या दंडकाचाच आधार घेतला असावा. सतराव्या शतकातील युद्धरीती पाहता हा नियम असामान्य होता, यात शंका नाही. परंतु अभय मिळणे निराळे आणि तह करणाऱ्यांत स्थान असणे निराळे. आधुनिक धोरणाचा सारा भर या भेदावर आहे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पेंढाऱ्यांच्या धाडींनी वऱ्हाड त्रस्त झाले. अशा लुटालुटीच्या काळातच शस्त्र पुरुषाच्या हाती व उंबरठा स्त्रीच्या वाट्याला, अशी विभागणी दृढ झाली, ही मांडणी शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी नोव्हेंबर १९८६ मधील चांदवड (जि. नाशिक) येथील शेतकरी महिला अधिवेशनाच्या निमित्ताने केली. स्त्रीच्या दुय्यमत्वाचे हे एकमेव कारण मानणे कठीण आहे. तथापि सुरक्षिततेच्या प्रश्नाला स्त्रीप्रश्नाच्या केंद्रस्थानी आणणारी ही मराठीतील एक महत्त्वाची मांडणी होय.

गावातील दैनंदिन शांतता पाटील, चौगुला व गोतसभा यांच्या हाती असे. वतनाचा वारसा प्रसंगी स्त्रीकडे येई. मात्र प्रत्यक्ष कामकाज गुमास्त्यामार्फत चाले. जिल्ह्यातील, विशेषतः मानोरा तालुक्यातील, बंजारा तांड्यांत नायक व कारभारी यांच्या उपस्थितीत भरणाऱ्या नसाबीत निवाडे होत. स्त्रीसंबंधीचे तंटे तेथे येत, स्त्रिया मात्र पंचांत नसत. इतर अनेक जातिपंचायतींतही स्थिती हीच होती. जातिपंचायतींच्या वाळीत टाकण्याच्या अधिकाराला कायद्याने प्रतिबंध होण्यास २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी अधिनियम यावा लागला. तो जुलै २०१७ पासून अंमलात आला.

आंतरराष्ट्रीय चळवळ : पहिल्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, एप्रिल १९१५ मध्ये, युद्धमान व तटस्थ राष्ट्रांतील स्त्रियांची परिषद द हेग येथे भरली. जेन ॲडम्स या तिच्या अध्यक्षा होत्या. युद्ध थांबविण्यासाठी तटस्थ राष्ट्रांनी सतत मध्यस्थी करावी, ही परिषदेची मागणी कोणत्याही सरकारने मान्य केली नाही. तिच्यातून पुढे शांतता व स्वातंत्र्य यांसाठी स्त्रियांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रांत भारतीय स्त्रियांनी लक्षणीय कार्य केले. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' या अर्थाच्या शब्दाऐवजी 'सर्व मानव' हा शब्द यावा, यासाठी हंसा मेहता यांनी आग्रह धरला. रणजित सीताराम पंडित या मराठी विद्वानाच्या पत्नी विजयालक्ष्मी पंडित या १९५३ मध्ये आमसभेच्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष झाल्या. मेक्सिको (१९७५), कोपनहेगन (१९८०), नैरोबी (१९८५) व बीजिंग (१९९५) येथील जागतिक महिला परिषदांनी या विचाराची पूर्वतयारी केली. ठराव क्र. १३२५ संमत झाला, त्या महिन्यात सुरक्षा परिषदेचे अध्यक्षपद नामिबियाकडे होते आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्या देशाची राजधानी विंडहूक येथे या विषयावर जाहीरनामा निघाला होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. सहभाग, संरक्षण, प्रतिबंध आणि मदत व पुनर्वसन हे या धोरणाचे चार आधारस्तंभ मानले जातात. डेन्मार्कने २००५ मध्ये पहिली राष्ट्रीय कृतियोजना केली. दक्षिण आशियात नेपाळने २०११ मध्ये व बांगला देशाने २०१९ मध्ये ती केली.

भारताची भूमिका : भारताने या ठरावाची दखल प्रामुख्याने परदेशातील शांतिसेनेच्या संदर्भात घेतली. जानेवारी २००७ मध्ये लायबीरियात केंद्रीय राखीव पोलीस दलातील स्त्रियांचे पथक पाठविण्यात आले. संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातील ते पहिलेच स्त्री-पोलीसपथक होय. ते २०१६ पर्यंत तेथे कार्यरत होते. मन्‍रोव्हियाच्या रस्त्यांवर गस्त घालणाऱ्या भारतीय स्त्रिया पाहून तेथील तरुणी पोलीस दलाकडे वळल्या, असे संयुक्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांनी वेळोवेळी सांगितले आहे. देशांतर्गत कृतियोजना न होण्याचे एक कारण असे दिसते, की तशी योजना करणे म्हणजे देशातील अशांत प्रदेशांना सशस्त्र संघर्षाचे क्षेत्र म्हणून मान्यता देण्यासारखे होईल, अशी शासनाची धारणा आहे. २००१ च्या स्त्री-सबलीकरणाच्या राष्ट्रीय धोरणाचा भर आर्थिक व सामाजिक सबलीकरण आणि हिंसाचाराचा प्रतिबंध यांवर होता. प्रत्यक्षात मात्र शासनाच्या धोरणाची वाट न पाहता स्त्रियांनी शांततेचे कार्य केलेले आढळते. मणिपुरात दारूबंदीसाठी रात्री गस्त घालणाऱ्या स्त्रियांतूनच १९८० च्या सुमारास 'मैरा पायबी' ही चळवळ उदयास आली. नागालँडमध्ये १९८४ मध्ये नागा मातांची संघटना स्थापन झाली.

विदर्भापुरते बोलावयाचे, तर या परंपरेचा उगम सर्वोदय चळवळीत आहे. विनोबा भावे यांनी १९५७ मध्ये शांतिसेनेची स्थापना केली आणि १९५९ मध्ये वर्ध्याजवळील पवनार येथे ब्रह्मविद्या मंदिर हा स्त्रियांचा आश्रम काढला. त्यांच्या सहकारी निर्मला देशपांडे (१९२९–२००८) या मूळच्या नागपूरच्या, साहित्यिक पु. य. देशपांडे यांच्या कन्या. भूदान-पदयात्रेत त्यांनी हजारो किलोमीटरची पायपीट केली. पंजाब व काश्मीर अशांत असताना त्यांनी तेथे शांततायात्रा काढल्या. कारगिल युद्धानंतर, मार्च २००० मध्ये, भारतीय स्त्रियांचे शिष्टमंडळ बसने दिल्लीहून लाहोरला घेऊन जाण्यात त्यांचा पुढाकार होता. सुरक्षा परिषदेचा ठराव त्यानंतर सात महिन्यांनी संमत झाला. दोहोंचा परस्परसंबंध नव्हता; पण ठरावात जे पुढे शब्दबद्ध झाले, ते विदर्भातील एक स्त्री आधीच करीत होती, याची नोंद मराठी वाचकाने घ्यावयास हवी.

राज्याचे धोरण व पोलीस व्यवस्था : सुरक्षायंत्रणेवरील स्त्रियांच्या अविश्वासाचे मूळ विदर्भातच शोधता येते. १९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांची मुक्तता केली. तेव्हा उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार व वसुधा धागमवार या चार विधिज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिले. त्यातून देशव्यापी आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये बलात्कारविषयक कायद्यात सुधारणा झाली. ज्या ठाण्यात जाण्याचेच भय वाटते, ते ठाणे शांततेचे केंद्र कसे होणार, हा प्रश्न तेव्हापासून ऐरणीवर आहे.

टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुले यांच्यासाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या आवारात, परंतु पोलीस नसलेल्या समाजकार्यकर्त्यांकडून पीडित स्त्रीला साहाय्य, हे त्याचे वैशिष्ट्य. पुढे ही कल्पना राज्यातील इतर जिल्ह्यांतही स्वीकारण्यात आली. महाराष्ट्राने २२ जून १९९४ रोजी महिला धोरण जाहीर केले. असे धोरण आखणारे ते पहिले राज्य मानले जाते. शासकीय सेवांत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखून ठेवण्याच्या निर्णयामुळे पोलीस भरतीचा दरवाजा ग्रामीण तरुणींसाठी मोठ्या प्रमाणावर उघडला. याच दिनांकापासून हिंदू वारसा कायद्यातील राज्याच्या सुधारणेने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क मिळाला. २००१, २०१४ व २०२४ मध्ये पुढील धोरणे आली. जानेवारी २०२४ मध्ये रश्मी शुक्ला या राज्याच्या पहिल्या स्त्री-पोलीस महासंचालक झाल्या. पुणे जिल्ह्यातील खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ मध्ये मुलींना प्रथमच प्रवेश मिळाला आणि मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी तेथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडली.

वाशिमचे लोकसभेतील प्रतिनिधित्व १९९९ पासून २०२४ पर्यंत सलग भावना गवळी या स्त्रीकडे होते. स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांच्या जागा १९९० मध्ये ३० टक्के, घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीनंतर एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या झाल्या. सरपंचपद व ग्रामसभेचे अध्यक्षस्थान स्त्रीकडे येऊ लागले, तरी पोलीस ठाण्याच्या शांतता समित्यांच्या रचनेत तेवढा बदल दिसत नाही. सण-उत्सवांच्या आधी ठाण्यात भरणाऱ्या या समित्यांत विविध धर्मांचे प्रतिष्ठित, मंडळांचे पदाधिकारी व व्यापारी यांचा भरणा असतो. स्त्रियांसाठी महिला दक्षता समिती वेगळी असते आणि तिच्याकडे कौटुंबिक गाऱ्हाणी सोपविली जातात. सार्वजनिक शांतता पुरुषांकडे व घरातील शांतता स्त्रियांकडे, ही जुनी वाटणी अशा रीतीने नव्या व्यवस्थेतही शिल्लक राहिली. १९८४ च्या दंगलीनंतर भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी उभारलेल्या मोहल्ला समित्या आणि १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईत सुशोभा बर्वे प्रभृतींनी केलेले कार्य यांवरून असे दिसते, की वस्तीतील स्त्रिया परस्परांच्या घरी जाऊ लागल्या, म्हणजे अफवांना आळा बसण्यास मोठे साहाय्य होते.

तंटामुक्त गाव मोहीम : तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील (१९५७–२०१५) यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम राज्यभर सुरू झाली. शांततेचा विचार गावाच्या पातळीवर नेणारा हा राज्याचा सर्वांत व्यापक प्रयोग होय. ग्रामसभेने समिती निवडावयाची. गावातील दिवाणी, महसुली, फौजदारी व इतर तंट्यांची नोंदवही करावयाची. पक्षकारांस समोरासमोर बसवून तडजोडनामा करावयाचा, अशी तिची कार्यपद्धती होती. गावाचे मूल्यमापन २०० गुणांच्या आधारे होई आणि लोकसंख्येनुसार रोख पुरस्कार मिळे. अवैध दारूला प्रतिबंध, सामाजिक सलोखा, आंतरजातीय विवाहांस उत्तेजन यांनाही गुण होते. समितीत स्त्री-सदस्य घेण्यात येत.

मोहिमेमुळे बांधाचे, पांदण रस्त्याचे व पाण्याच्या पाळीचे अनेक तंटे मिटले. सोयाबीन व तुरीच्या कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या वाशिमसारख्या जिल्ह्यात हातभर बांधासाठी दोन पिढ्या न्यायालयाच्या वाऱ्या करणारी कुटुंबे असतात. त्यांचा खर्च व मनस्ताप वाचला, हे या मोहिमेचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि मोहिमेची मोजपट्टी मिटलेल्या तंट्यांची संख्या ही होती. पुरस्कारासाठी धडपडणाऱ्या गावात तंटा नोंदविणारी व्यक्ती गावाच्या मार्गातील अडथळा ठरण्याचा संभव असतो, आणि ही व्यक्ती नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार करणारी सून असेल तर तिच्यावर सर्वाधिक दडपण येते. सासरच्या छळाचा गुन्हा कायद्याने तडजोडपात्र नाही. परंतु तक्रार ठाण्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच 'नांदावयास जावे' असा समेट झाला, तर कायद्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही. नोंदवहीत तो मिटलेला तंटा असतो. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा अधिनियम ऑक्टोबर २००६ पासून, म्हणजे मोहिमेच्या जेमतेम दहा महिने आधी, लागू झाला होता. तो स्त्रीच्या हाती संरक्षणाचा आदेश देऊ पाहत होता, तर मोहीम गावाच्या हाती समेट. या दोहोंची सांगड घालण्याचा गंभीर विचार झालेला दिसत नाही.

हीच गोष्ट वारसाच्या तंट्यांची. पश्चिम विदर्भातील शेतकरी-आत्महत्यांमुळे २००६ च्या केंद्रीय मदतयोजनेत समाविष्ट झालेल्या सहा जिल्ह्यांत वाशिमचा अंतर्भाव होता. मृत शेतकऱ्याच्या पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लागणे ही मदत, कर्ज व विमा या साऱ्यांची पहिली पायरी. दीर-सासऱ्यांशी होणारा तिचा तंटा जमिनीतील हिस्सा सोडण्याच्या अटीवर मिटला, तर गाव तंटामुक्त होते, ती मात्र भूमिहीन होते. समितीत स्त्रिया किती, याहून त्या कोणत्या घरांतील आहेत व अशा प्रसंगी त्यांचे मत नोंदले जाते काय, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. पुरस्कारांचा ओघ आटल्यावर मोहिमेचा पहिला जोर ओसरला. समित्या मात्र अनेक गावांत आजही निवडल्या जातात.

दारूबंदीचे मतदान : स्त्रियांनी सुरक्षेची स्वतःची व्याख्या जेथे प्रत्यक्ष निर्णयात उतरविली, असे क्षेत्र दारूबंदीचे होय. मार्च २००८ च्या शासकीय आदेशानुसार गावातील अथवा प्रभागातील २५ टक्के स्त्री-मतदारांनी मागणी केल्यास परवानाधारक दारूदुकानाविषयी गुप्त मतदान घेता येते. मतपत्रिकेवर उभी बाटली व आडवी बाटली अशी चिन्हे असतात; दुकान बंद व्हावे असे मानणारी स्त्री आडव्या बाटलीवर शिक्का मारते. येथे एक अट निर्णायक ठरते. आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतील एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते पडावी लागतात. मजुरीला अथवा ऊसतोडीला बाहेरगावी गेलेल्या, मृत व स्थलांतरित स्त्रिया यांची नावे यादीत असतातच. त्यांची अनुपस्थिती उभ्या बाटलीच्या बाजूने जाते. कोणत्याही आमदाराला निवडून येण्यासाठी एवढ्या मतांची आवश्यकता नसते.

ही अट असूनही राज्यातील अनेक गावांत आडवी बाटली विजयी झाली आहे. वाशिमला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात स्त्रियांनी जिल्हाव्यापी दारूबंदीसाठी दीर्घ आंदोलन केले. विदर्भात वर्धा व गडचिरोली हे जिल्हे पूर्वीच दारूमुक्त घोषित झाले होते. चंद्रपुरात स्त्रियांच्या मोर्चांनंतर २०१५ मध्ये बंदी आली. ती अवैध विक्री वाढल्याचे कारण देऊन २०२१ मध्ये उठविण्यात आली. गावाच्या मतदानाने बंद होणारे दुकान एकच असले, तरी तो निर्णय गावातील स्त्रियांच्या मतपेटीतून आलेला असतो. मतदान जिंकल्यानंतरचे काम मात्र संपत नाही. परवान्याचे दुकान उठले, की हातभट्टीचा व चोरट्या विक्रीचा प्रश्न उरतो. त्यासाठी बचत गटांतील स्त्रिया अड्डे शोधून देतात, निवेदने घेऊन ठाण्यात जातात, आणि छापा पडला तर पंचनाम्यावर सह्याही करतात. पंच म्हणून केलेली अशी सही पुढे न्यायालयात साक्षीसाठी बोलावणे आणते. त्या दिवसाची मजुरी बुडते आणि विक्रेता बहुधा त्याच गावात राहत असतो.